सायकल बिघडली होती

आमच्या चिखल्याच्या रस्त्याला चढ नाही. नावात चिखल असला तरी तोही पावसाळा सोडला तर फारसा नाही. डहाणूच्या पारनाक्यावरून निघालं की आधी नरपड, मग चिखले, मग घोलवड आणि बोर्डी. डाव्या हाताला सुरूची झाडं आणि त्यांच्या फटीतून समुद्र, उजव्या हाताला चिकूच्या वाड्या. सगळा रस्ता इतका सपाट, की सायकलवर बसलेल्या माणसाला आपण काही पराक्रम करतो आहोत असं चुकूनही वाटू नये. ओहोटीला समुद्रसुद्धा इथं इतका लांब जातो, की त्यालाही या सपाटीचा कंटाळा येत असावा.

अशा गावात राहणाऱ्या माणसानं कड्यांवरच्या सायकलस्वारीच्या साहित्यावर टीका लिहायची म्हणजे जन्मभर वरणभात खाणाऱ्यानं सुक्या बोंबलावर मत देण्यासारखं आहे. मला ते मान्य आहे. तरी मी लिहिणार आहे. एक तर हे साहित्य मी भरपूर वाचलेलं आहे. आणि दुसरं म्हणजे त्यात मी स्वतः थोडी भर घातली आहे. ती भर कशा प्रतीची होती हे चारचौघांत सांगितल्याशिवाय मला स्वस्थ झोप लागणार नाही.

हल्ली मध्यमवर्गीय माणूस चाळिशी उलटली की सायकल घेतो, आणि सायकल घेतली की प्रवासवर्णन लिहितो. पहिल्यासाठी डॉक्टर कारणीभूत असतात, दुसऱ्यासाठी कोणालाच जबाबदार धरता येत नाही. मी अशी वर्णनं आवडीनं वाचतो. संपादकांना ती आवडतात, कारण सोबत फोटो असतो. वाचता वाचता माझ्या लक्षात आलं, की सत्यनारायणाच्या पोथीसारखे याचेही अध्याय ठरलेले आहेत.

पहिला अध्याय पहाटेचा. गजर चारचा लावलेला असतो, लेखक पावणेचारलाच जागा होतो. (आमच्या ओळखीचे जे सायकलवाले आहेत त्यांच्या घरात गजर वाजला की आधी बायको जागी होते, पण ती वर्णनात येत नाही.) दुसरा अध्याय निसर्गाचा. त्यात निसर्गानं मुक्तहस्तानं उधळण केलेली असते. कशाची, हे प्रदेशाप्रमाणे बदलतं. तिसरा पंक्चरचा. चौथा चहाचा. एका झोपडीवजा टपरीत एक वृद्ध गृहस्थ चहा पाजतात आणि पैसे घेत नाहीत. मी इतकी वर्णनं वाचली आहेत, की महाराष्ट्रातला चहाचा धंदा अजून बुडाला कसा नाही याचं मला नवल वाटतं. पाचवा अध्याय चढाचा. 'छाती फुटेल असा चढ' सुरू होतो आणि पुढच्याच परिच्छेदात लेखक माथ्यावर असतो. सहावा अध्याय जीवन हाही एक घाटच आहे, हा. तो वाचकानं हात जोडून ऐकायचा.

यातल्या पाचव्या अध्यायाबद्दल माझी खरी तक्रार आहे. 'चढ सुरू झाला' आणि 'माथ्यावर पोहोचलो' या दोन वाक्यांच्या मधे काय झालं, ते कोणी सांगत नाही. सगळ्या वर्णनाचा जीव तिथं आहे, आणि तिथंच लेखक नवा परिच्छेद सुरू करतो.

वास्तविक या चढांना कारण आहे, आणि ते सांगण्याजोगं आहे. आमच्या डहाणूकडच्या किनाऱ्यावर रस्ता वाळूच्या कडेकडेनं बिनबोभाट जातो. रत्नागिरीच्या बाजूला तसं नाही. तिथं समुद्राच्या थेट काठापर्यंत जांभ्या दगडाचे उंच सडे आलेले आहेत, आणि दर काही मैलांवर एक खाडी सड्याला कापून आत घुसली आहे. रस्त्याला किनाऱ्यानं जायचं असेल तर सड्यावरून खाडीशी उतरायचं, पूल असला तर पुलावरून, नसला तर होडीतून किंवा बोटीतून पलीकडे जायचं, आणि पुन्हा सड्यावर चढायचं. बाणकोटला सावित्री, दाभोळला वाशिष्ठी, जयगडला शास्त्री. प्रत्येक नदी समुद्राला मिळताना सायकलवाल्याला एकदा खाली बोलावते आणि मग वर जा म्हणते. नकाशावर रस्ता समुद्रालगत सरळ दिसतो. नकाशात चढ दिसत नाहीत, हा नकाशा छापणाऱ्यांचा एक जुना विनोद आहे.

आता चढाचा हिशेब. माझं वजन पंचाहत्तर किलो, सायकलीचं पंधरा. एवढं ओझं शंभर मीटर उंच न्यायला जेवढी शक्ती लागते, ती शरीराला मिळते साधारण शंभर ग्रॅम चिकूतून. म्हणजे एका बऱ्यापैकी मोठ्या चिकूतून. हे वाचून तुम्ही म्हणाल, एका चिकूसाठी एवढा आरडाओरडा? पण प्रश्न एकूण खर्चाचा नसतो, तो किती वेळात भरायचा याचा असतो. दहाला एक असा चढ धरा आणि तो किलोमीटरभर लांब आहे असं समजा. बिनगिअरच्या साध्या सायकलीवर ताशी आठ-नऊ किलोमीटरच्या खाली आलात की पायडल फिरेनासं होतं, तोल जातो आणि तुम्ही आडवे. म्हणजे तो चिकू सात मिनिटांच्या आत वसूल करायचा. त्याला सव्वादोनशे वॉटच्या आसपास जोर लागतो. माझ्यासारख्या माणसाची सलग ताकद त्याच्या निम्मी. खाली उतरून सायकल हातात धरून चालू लागलं, की तोच चिकू पंधरा मिनिटांच्या हप्त्यांत फेडता येतो आणि जोर लागतो जेमतेम शंभर वॉट. तेव्हा चढावर उतरणं ही भित्रेपणाची गोष्ट नाही. तो त्रैराशिकाचा निकाल आहे. त्रैराशिकाची लाज कशाला वाटायची?

वाटते मात्र. आणि ज्यांना वाटली नाही ते मोठे. मुंबईहून 15 ऑक्टोबर 1923 रोजी सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रवासाला निघाले. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघं ती फेरी पुरी करून मार्च 1928 मध्ये परत आले. साडेचार वर्षांच्या आत-बाहेर, एकाहत्तर हजार किलोमीटरच्या घरात. पुढे 1931 साली त्यांचं इंग्रजी पुस्तकही निघालं. आमच्या बाजूला पारशी-इराण्यांच्या चिकूच्या वाड्या आहेत, पारशी लोक पहिल्यांदा उतरले असं मानतात ते संजाणही इथून लांब नाही, तेव्हा त्या तिघांबद्दल आम्हाला उगीचच शेजारधर्माचा अभिमान आहे. मला त्यांच्या सगळ्या हकिकतीत एक आकडा सगळ्यांत मोठा वाटतो. एकाहत्तर हजार नव्हे; सहाचे तीन. सहा निघाले, तीन पोहोचले. जो हिशेब असा उघडा मांडलेला असतो त्याच्यावर माणूस विश्वास ठेवतो. आमच्या वर्णनांत सहा निघतात, सहा पोहोचतात आणि सहाही जण फोटोत हसत असतात.

आता माझ्या वर्णनाकडे वळतो. समीक्षकानं स्वतःच्या लेखनावर लिहू नये असा संकेत आहे. पण या लेखनाचा गुन्हा इतका ताजा आणि आरोपी इतका हाताशी आहे, की संकेत मोडावा लागतो.

माझी धाकटी बहीण रत्नागिरीत असते. एका डिसेंबरात तिच्याकडे गेलो असताना मेहुण्यांची सायकल दारात दिसली. काळी, दांडीची, बिनगिअरची, वीस वर्षं वापरातली, पण रोज पुसलेली. मेहुणे त्या सायकलीवरून कचेरीत जात आणि संध्याकाळी भाजी आणत. मला एकाएकी आरे-वारेच्या रस्त्यानं गणपतीपुळ्याला जायची उबळ आली. अंतर पंचवीस किलोमीटरच्या आसपास. मेहुणे म्हणाले, "भाऊ, रस्ता देखणा आहे, पण चढाचा आहे. सकाळी लवकर निघा." मी नऊ वाजता, पोहे खाऊन निघालो.

शिरगाव, मग साखरतरचा पूल, मग काळबादेवी. इथवर मी स्वतःवर खूष होतो. आरे गावापाशी रस्ता पुन्हा समुद्राला भेटतो आणि पुढे वारेच्या बाजूला कड्यावर चढतो. खाली निळं पाणी, पांढऱ्या फेसाची किनार, सुरूचं बन, आणि वर डांबरी रस्ता वळण घेत आकाशात शिरलेला. लोक तिथं मोटारी थांबवून फोटो काढतात. मी कशासाठी थांबलो ते मोटारीतल्या लोकांना चटकन कळलं असावं, कारण एका लहान मुलीनं खिडकीतून माझ्याकडे बघून टाळ्या वाजवल्या.

पायडलवर उभा राहिलो. दहा फेरे मारले. अकरावा फेरा अर्धाच झाला. मग मी उतरलो आणि सायकल ढकलू लागलो. ऊन चढलेलं, शर्ट पाठीला चिकटलेला, कानात समुद्राची गाज की माझंच रक्त हे कळेना. तेवढ्यात मागून एक मावशी आल्या. डोक्यावर मासळीची रिकामी पाटी, पायात चपला नाहीत, चालीत घाई नाही. सायकलवाला मी आणि पायी चालणाऱ्या त्या, दोघांचा वेग अगदी सारखा होता. बरोबरच चाललो.

"बिघडली काय वो भाऊ सायकल?" त्यांनी विचारलं.

आता इथं सरळ सांगता आलं असतं, की मावशी, सायकल ठीक आहे, मीच दमलो. चार शब्दांचं काम. पण पंचेचाळीस वर्षांच्या पुरुषाच्या तोंडून हे चार शब्द निघायला जो जोर लागतो तो सव्वादोनशे वॉटच्याही वर आहे. मी म्हणालो, "हो ना. बिघडली."

मावशींना खरंच वाईट वाटलं. त्यांनी वरच्या वळणाकडे तोंड करून हाक मारली आणि तेरा-चौदा वर्षांचा एक पोरगा धावत खाली आला. भाचा की नातू, कोण जाणे. "बघ रे, यांची सायकल काय झाली ती." पोरानं सायकल माझ्या हातातून घेतली, चेन हलवून बघितली, दोन्ही ब्रेक दाबले, मागचं चाक उचलून पायडल फिरवलं. मग "चालवून बघतो" म्हणाला आणि मी हो-नाही म्हणायच्या आत टांग टाकून, पायडलवर उभा राहून, सळसळत वरच्या वळणापर्यंत गेला. तिथून वळला आणि एक हात सोडून खाली आला.

"काका, सायकल बरी आहे की."

रस्त्यावर जरा शांतता पसरली. मी समुद्राकडे बघू लागलो. मावशींनी माझ्याकडे बघितलं, पोराकडे बघितलं, पाटी जरा सारखी केली आणि म्हणाल्या, "उन्हानं तापते रे कधी कधी. सावलीत उभी केली की सुधारते."

मग आम्ही सगळे वरच्या सावलीपर्यंत चालत गेलो. सायकल पोरानं ढकलली. सावलीत पंधरा मिनिटं बसल्यावर सायकल खरोखरच सुधारली. पुढे नेवरे आलं, भंडारपुळे आलं, दोन-चार वेळा सायकल पुन्हा तापली, आणि दुपारी अडीच वाजता मी गणपतीच्या पायाशी पोहोचलो. तिथून मालगुंड अगदी जवळ. केशवसुतांचं जन्मगाव; 1994 पासून तिथं त्यांचं स्मारक आहे. मराठी कवितेला नवं वळण देणाऱ्या माणसाच्या अंगणात बसून मी माझं वर्णन मनातल्या मनात जुळवत होतो, आणि त्यात एकही नवं वळण नव्हतं.

ते एका दिवाळी अंकात छापून आलं. चौदाशे शब्द, म्हणजे दर किलोमीटरला छप्पन्न. पहाट होती (नऊची पहाट). मुक्तहस्त होता. मावशी होत्या, पण त्यांच्या चेहऱ्यावर 'निर्व्याज हास्य' होतं आणि त्या मला ताक देत होत्या. पोरगा नव्हता. आणि पाचव्या अध्यायात असं वाक्य होतं: 'ऐन चढावर जुन्या सायकलीनं दगा दिला, पण जिद्दीनं माथा गाठलाच.'

समीक्षक म्हणून या वाक्याबद्दल मी एवढंच म्हणेन, की त्यात 'ऐन चढावर' एवढे दोनच शब्द खरे आहेत.

पुढे आमच्या चिखल्यात, ओट्यावर जमलेल्या दहा-बारा मंडळींपुढे मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. लोक भले. वाहवा म्हणाले. कोपऱ्यात एक आजोबा बसले होते. त्यांनी उमेदीची सगळी वर्षं वाडीतले चिकू टोपल्यांत भरून, सायकलच्या मागे बांधून घोलवड स्टेशनला पोहोचवले. ते म्हणाले, "छान लिहिलंय. पण सायकलला काय झालं होतं?"

"चेन," मी म्हणालो.

"तुटली की उतरली?"

"उतरली."

"मग घालायची की. दोन मिनिटांचं काम." त्यांच्या आवाजात चिडवणं नव्हतं. त्यांना सायकलची खरीच काळजी होती. ज्या माणसानं आयुष्यभर एकच सायकल सांभाळली, त्याला दुसऱ्याच्या सायकलीचं दुखणं अर्धवट सोडवत नव्हतं. दहा-बारा लोक ऐकत होते. मी अंकाची पानं उलटली, सुलटली.

"आजोबा," मी म्हणालो, "चेन नाही उतरली. मी उतरलो."

"असं होय," ते म्हणाले. "मग तसंच लिहायचं होतं. आम्ही रोज उतरायचो."

"इथं? इथं कुठं चढ आहे?"

"वारा आहे ना."

आणि मग त्यांनी मला आमचाच रस्ता समजावून सांगितला. चैत्र-वैशाखात दुपारनंतर वायव्येकडून वारा सुटतो. घोलवडला जाणाऱ्याला तो समोरून येतो. मागे दोन टोपल्या भरलेल्या. पुस्तकातला हिशेब असा, की तुम्ही ताशी पंधरानं चाललात आणि समोरून वाराही पंधराचा असला, तर हवेचा अडसर दुप्पट नव्हे, चौपट होतो. आजोबांना हा हिशेब पायांना ठाऊक होता. ते म्हणाले, "वाऱ्याशी भांडत पायडल मारत राहिलं की माणूस मधेच बसतो. मग गाडी चुकते, आणि चिकू दुसऱ्या दिवशीपर्यंत मऊ पडतो. म्हणून जोराचा वारा आला की उतरायचं. चालत जायचं. वारा पडला की पुन्हा बसायचं. गाडी कधी चुकली नाही."

ज्या रस्त्याला चढ नाही म्हणून मी सुरुवातीला एवढा नाक मुरडत होतो, तो असा निघाला. आणि त्या रस्त्यावर इतकी वर्षं सायकल चालवलेल्या माणसानं त्याच्यावर एक ओळही लिहिलेली नाही. लिहिली असती तर तिच्यात उतरण्याचा उल्लेख पहिल्याच ओळीत आला असता. त्याला माथा गाठायचा नव्हता, गाडी गाठायची होती. ज्याला खरोखर कुठं पोहोचायचं असतं त्याला उतरण्याची लाज परवडत नाही. ती लाज आमच्यासारख्या, दिवसभर सायकल चालवून संध्याकाळी बहिणीकडे जेवायला येणाऱ्यांसाठी आहे. सायकलच्या प्रवासवर्णनांवर माझी जी काय टीका आहे, ती एवढीच.

त्या रात्री मी रत्नागिरीला फोन लावला. म्हटलं, मेहुण्यांना खरं काय ते सांगून टाकावं.

"अहो, ते वाचलं आम्ही," मेहुणे म्हणाले. "तुमच्या बहिणीनं चारदा वाचलं. मला म्हणाली, ऐन चढावर दगा देणारी सायकल घरात नको, उद्या तुमचं काही झालं तर? दिवाळीच्या आवराआवरीतच दिली भंगारवाल्याला. तुमचं काही लागलं-बिगलं नव्हतं ना तेव्हा?"

"नाही, नाही," मी म्हणालो.

"मग झालं तर. माणूस महत्त्वाचा."

मी त्यांना सांगितलं. सगळं सांगितलं, पोहे, मावशी, पोरगा, सावली. पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग मेहुणे हळूच म्हणाले, "मलाही वाटलंच होतं हो. वीस वर्षांत तिनं मला कधी रस्त्यात सोडलं नाही."

मी नवी घेऊन देतो म्हणालो. ते नको म्हणाले. आता ते रिक्षानं भाजी आणतात.

तेव्हा संपादकांना एक विनंती आहे. माझ्या त्या लेखातलं ते वाक्य काढून टाकावं आणि त्या जागी पुढचं छापावं. त्यात अलंकार नाहीत, पण सायकलीची त्यात बेअब्रू होत नाही: 'वारेच्या चढावर मी दमलो आणि उतरलो. सायकलला काहीही झालं नव्हतं.'